सावंतकाकांची बेल

मंगळवार संध्याकाळ, नायगाव

बाबांना ऐकू येत नाही, म्हणून मीच दाराची बेल इंटरनेटवरून दिव्याला जोडली. बेल दाबली की दिवा लुकलुकतो. आज ऑफिसातून, चालतंय ना बघायला, मोबाइलवर बेलचं बटण दाबलं. बाबा घरी आहेत हे डोक्यातच आलं नाही. का नाही आलं?

घरी आले तर दार सताड उघडं, पत्ते मांडलेले.

"सावंत येऊन गेला वाटतं गो. मला उठायला वेळ लागला."

त्यांच्याशी पत्ते खेळणारे सावंतकाका गावी वारले, त्याला आठ दिवस झाले. सांगायचा धीरच होत नव्हता. आज वहीत लिहून दाखवलं.

बाबांनी दोनदा वाचलं.

"आठ दिवस मी दिव्याकडे बघत बसलो, आणि तू गप्प?"

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली.