आपल्या प्रांताची लोकसंख्या

प्रिय निएवेस,

रविवारी फोनवर तू पुन्हा आईला बोलवायला सांगत होतीस आणि मी पुन्हा म्हटलं, ती लामांच्या कळपामागे गेलीय. रागावून फोन ठेवलास. म्हणून हे लिहितोय.

काल इथे जनगणना झाली. शहरात गेलेले सगळे मोजून घ्यायला गाड्या भरभरून ताउआला आले होते. आज सकाळी परत गेले. गाव पुन्हा भकास झालंय, कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत. मला तुझं शाळेतलं भाषण आठवलं. छाती फुगवून म्हणाली होतीस, "दानिएल काम्पोस प्रांत. राजधानी यिका. क्षेत्रफळ बारा हजार चौरस किलोमीटर. लोकसंख्या पाच हजार." तर मागून तुझी आई ओरडली, "त्यातलं निम्मं नुसतं मिठाचं मैदान, आणि माणसांपेक्षा लामा जास्त, तेही सांग की गं!" सगळी शाळा हसली. तू दोन दिवस तिच्याशी बोलली नाहीस.

मोजायला आलेल्या बाई उयुनीच्या, गावात नवीन. काल रात्री घरात किती जण झोपले, असं त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून गेलं, दोन. "मग आजींना बोलवा ना, आजोबा." मी म्हटलं, ती कळप घेऊन डोंगराकडे गेलीय. त्या हसल्याच. "आज? अहो आजोबा, मोजणीच्या दिवशी उंबरा ओलांडला तर दंड आहे, लामांनासुद्धा!" खोटं बोलायलाही अक्कल लागते, आणि आपल्या घरातली अक्कल तुझ्या आईकडे होती. बाई पेन्सिल धरून थांबून राहिल्या. शेवटी मी म्हटलं, एक लिहा.

पोरी, तुझी आई कार्निव्हलच्या आठवड्यात गेली. छातीत कफ भरला, चार दिवसांत सगळं आटोपलं. तुला कळवायचं नाही, असं तिनेच बजावलं होतं. तिथे राहायचे कागद हातात नसताना तू धावत आलीस, तर चिलीवाले परत आत घेणार नाहीत म्हणून. मी शब्द पाळला, पण काल परक्या बाईला सांगून बसलो आणि तुला अजून ठाऊक नाही, हे मला सोसवेना. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी तिच्या नावाने खाण्यापिण्याचं पहिलं मेज मांडायचंय. त्यावर ठेवायची पावाची बाळं कुणी करायची? तिचं वळण तुझ्याच हातात आहे. तोवर कागद झाले तर ये. नाही झाले, तर तिथेच एक बाळ भाज. इथे मी वेडंवाकडं करीन. ती हसेल मला. हसू दे.

तुझाच,
बाबा