रविवारची बैठक

मिरज, ३ फेब्रुवारी १९८६

चि. सौ. सुलेखास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र हेमचंद्ररावांना दाखवलंस तरी चालेल, पण तुम्हां दोघांतच ठेव, लेकीच्या, रुपालीच्या हाती लागू देऊ नकोस. आपल्या विष्णूपंतांचा मुलगा प्रताप कंपनीच्या कामाने तुमच्याकडे अमेरिकेत आला होता. तो सेंट पॉलमध्ये आपल्या श्रीरंगला भेटायला गेला. खोलीवर कुलूप होतं. शेजारच्याने सांगितलं की श्रीरंग रविवारी दुपारी कोपऱ्यावरच्या पबमध्ये असतो. प्रतापने खिडकीतून पाहिलं, तर आपले चिरंजीव गुत्त्यात जमिनीवर बसलेले, डोळे मिटून डुलत होते. प्रताप शरमेने आत न जाता परतला. आणि मिरजेत येऊन मात्र ही गोष्ट चार ठिकाणी सांगितली.

आई गेलेलं पोर, मी धाकात वाढवलं. पत्रातून विचारलं असतं तर त्याने अभ्यासाचंच लिहिलं असतं. शिक्षण सोडून परत ये, असं पत्र मी लिहून ठेवलं आहे. तू स्वतः जाऊन बघून ये. तुझं उत्तर येईपर्यंत ते टपालपेटीत टाकत नाही. मला झोप नाही, एवढं लक्षात ठेव.

तुझा,
चारुदत्तदादा


ईडन प्रेरी, २४ फेब्रुवारी १९८६

तीर्थरूप दादास,
सौ. सुलेखाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आधी ते पत्र फाड, मग पुढे वाच. तुझा मुलगा पीत नाही. त्याच्यापुढे संत्र्याचा रस होता, मी वास घेऊन पाहिला.

काल आम्ही तिघं न कळवता गेलो. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती आठ-दहा माणसं बासऱ्या, अकॉर्डियन, व्हायोलिन घेऊन बसली होती. स्टेज नाही, माइक नाही, ऐकणाऱ्यांकडे सरळ पाठ. आणि मध्ये, खुर्च्या सरकवून केलेल्या जागेत, घडी केलेल्या कोटावर श्रीरंग मांडी घालून बसला होता. उजवा पाय पुढे, व्हायोलिनचं टोक घोट्यावर, डोळे मिटलेले. अगदी तू शिकवलंस तसं. बाकीचे हनुवटीखाली धरून वाजवतात, याला खुर्चीत बसून जमेना, म्हणून त्यांनीच ही जागा करून दिली. टेबलाआडून प्रतापला नुसतं डुलणारं डोकं दिसलं असणार.

माझ्या तोंडून मोठ्याने वाहवा गेली. सगळे वळून बघायला लागले. तिथे मध्येच दाद देत नाहीत म्हणे. रुपालीने मेनूकार्डाआड तोंड लपवलं.

पबशेजारच्या लॉन्ड्रीत कपडे धुवायला टाकून तो थंडीचा पबमध्ये जाऊन बसायचा, तिथून हे सुरू झालं. सोमवारी शिकाऊंची बैठक असते, तिथे सगळं सावकाश वाजवतात. बुधवारी गाणारे जमतात आणि पाळी टेबलाभोवती फिरते. गायचं नसेल तर एखादी गोष्ट सांगायची. रविवारची बैठक मुरलेल्यांची. तिथे नव्या माणसाने बोलावल्याशिवाय वाद्याची पेटी उघडायची नाही. एका बासरीवाल्या म्हाताऱ्याने याला जुनं व्हायोलिन दिलं होतं. ते पेटीसकट मांडीवर घेऊन हा तीन रविवार नुसता ऐकत बसला. चौथ्या रविवारी त्या म्हाताऱ्याने मानेने खूण केली.

दादा, आता एक बोलते, रागावू नकोस. घरी जेवायला आणला तेव्हा त्याला तुझ्या पत्राचं सांगितलं. तर म्हणाला, आत्या, बाबांना मी पितो म्हणून सांग हवं तर, पण वाजवतो म्हणून सांगू नकोस. व्हायोलिनच्या परीक्षेत तो नापास झाल्यावर तू म्हणाला होतास ना, या हाताला व्हायोलिन नको, हातोडी द्या. ते त्याच्या मनातून गेलेलं नाही. मला फार वाईट वाटलं. तरी सांगतेच आहे, कारण तू ते ऐकायला हवं होतंस.

तब्येतीला जप आणि माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
सुलेखा


मिरज, ११ मार्च १९८६

चि. सौ. सुलेखास,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. ते दुसरं फाडलं. दुपारी जेवून झोपलो तो दिवेलागणीला उठलो, महिन्याभरात पहिल्यांदा. छातीवरचं ओझं उतरलं.

तीन रविवार पेटी उघडली नाही, हे वाचून बरं वाटलं. माझ्याकडे तीन मिनिटं दम धरत नव्हता. त्या म्हाताऱ्यांना माझा नमस्कार सांग.

हातोडीचं मी चुकलो. तसं श्रीरंगला वेगळं लिहिलं आहे. चार ओळींना तीन दिवस लागले, तेव्हा त्या पत्राची चेष्टा करू नका.

तिकडच्या थंडीत पोर कोटावर बसतं, हे काही मनाला पटेना. प्रताप एप्रिलमध्ये पुन्हा तिकडे येतो आहे. माझी शिकवणीची सतरंजी त्याच्याच खांद्यावर देतो आहे. त्याने ती पबच्या आत नेऊन, स्वतः अंथरून, मगच परत यायचं, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे.

सतरंजी दोघांची आहे, हे श्रीरंगला माहीत आहे. उजवीकडची बाजू माझी. ती मोकळी ठेवायची गरज नाही. तिथे त्या म्हाताऱ्यांना बसव म्हणावं, फक्त बूट काढून.

तुम्हां सर्वांची आठवण काढणारा,
चारुदत्तदादा