गल्लीत धूर दिसला नाही, एवढ्यावरून

सिहोरा, ता. तुमसर, जि. भंडारा
गुरुवार, दुपार

चि. चंद्रकुमार यास कुंताताईचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, मी जिवंत आहे. एरवी हा मजकूर ‘इकडील सर्व कुशल’ एवढ्यात आटोपत असे, पण मंगळवारच्या प्रकारानंतर तो स्वतंत्र वाक्यात लिहिणे इष्ट वाटले. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस असे डॉक्टरांनी सांगितले असता तू गच्चीवर कुंड्यांना पाणी घालायला जातोस, असे सौ. रत्नमाला कळवते. तिचा रक्तदाब वाढण्याचे कारण तिच्या आहारात शोधण्याची गरज नसावी. असो. फोन न करता पत्र लिहिते, कारण फोनवर माझे दुसरे विधान पूर्ण होण्याच्या आत तुला रडू येते आणि मग निष्कर्ष तूच काढतोस.

वादाचा विषय तुला ठाऊक आहे, तरी मांडणीच्या शिस्तीसाठी पुन्हा नमूद करते. दिवाळीपूर्वी माझ्या डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली. पुढे सहा किमो ठरले, त्यांपैकी दोन झाले. दुसऱ्यानंतर जे आठ दिवस गेले त्यांचे वर्णन करत नाही. त्यानंतर मी विचारपूर्वक ठरवले की तिसरा, जो उद्या शुक्रवारी नागपुरास आहे, तो घ्यायचा नाही. वय एकाहत्तर, शरीर थकलेले, मागे कोणी अवलंबून नाही. कारणे मी एका कागदावर क्रमाने लिहून ठेवली आहेत आणि त्यांत मला अजून दोष सापडलेला नाही. तुझे म्हणणे असे की मी तडक पुण्यास यावे, तिथे सर्व सोयी आहेत आणि इथल्या अडाणी मंडळींच्या भरवशावर राहू नये. या दोन प्रश्नांचा निकाल लागण्याच्या आतच माझ्या निधनाची वार्ता आली आणि चर्चा खुंटली. ती वार्ता कशी जन्मली हे समजल्याखेरीज तुला माझी सध्याची अवस्था कळणार नाही. म्हणून हे विस्ताराने.

आमच्या गल्लीत मंदाबाई राहते. तीन वर्षांपूर्वी तिचे हेच ऑपरेशन झाले. त्या वेळी तिच्यासोबत नागपूरला जायला कोणी नव्हते, म्हणून बरी झाल्यावर तिने गावच्या आशा सेविका दामिनीला हाताशी धरून बायकांचा एक गट केला. ज्या बाईचे उपचार चालू असतील तिच्यासोबत गटातली एक बाई दवाखान्यात जाते, एक घरचा स्वयंपाक पाहते, आणि भेटीला येऊन ‘आमच्या मावसजावेलेही असंच झालं होतं, चार महिन्यांत गेली’ असे सांगणाऱ्या पाहुण्यांना तिसरी बाई दारातूनच चहा पाजून वाटेला लावते. (शेवटची सेवा मला विशेष उपयुक्त वाटते. माझ्याकडे कार्तिकात अशी सतरा माणसे आली. प्रत्येकाने केळी आणली आणि प्रत्येकाने एक मृत व्यक्ती आणली.) मी या गटात गेले नाही, गट माझ्याकडे आला. दर रविवारी दुपारी तो माझ्या ओसरीवर बसतो, कारण ओसरी मोठी आहे आणि मला उठून जाण्याइतके बळ नाही.

डिसेंबरात दामिनीने नागपूरच्या एका संस्थेचे माहितीपत्रक आणले. घरातली व परिसरातली हवा, चुलीचा धूर, प्लास्टिक जाळणे, फवारणीचे कपडे वेगळे धुणे, विड्या वळताना उडणारी तंबाखूची भुकटी, असे विषय त्यात होते. मजकूर एकंदरीत समंजस होता. धुराने माझा रोग झाला असा दावा त्यात कुठे नव्हता, उपचार चालू असताना छातीला धूर बाधतो एवढेच होते. दामिनीने ते वाचून दाखवले आणि माझे मत विचारले. इथे माझी चूक झाली. मत विचारले की देऊ नये, हे मी अजून शिकलेले नाही. ‘रुग्णाला धुरापासून दूर ठेवावे’ या सूचनेवर मी म्हणाले की ही सूचना अपुरी आहे. रुग्णाला हलवावे की धुराला, याचा निर्णय ती करत नाही. हा केवळ मांडणीवरचा आक्षेप होता. बायकांनी तो गंभीरपणे घेतला. माझ्याकडे पाहिले. रुग्ण हलण्यासारखा नाही असे त्यांच्यात एकमत झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या सात घरच्या चुली हलल्या. गल्लीच्या टोकाला, तलावाच्या पाळीखाली, शेजारच्या तेजरामचे धान मळायचे खळे आहे. मळणी आटोपल्यामुळे ते रिकामेच होते. तिथे सात नव्या चुली मांडल्या गेल्या. (सातही घरांत गॅस आहे. तो चहासाठी आणि जावयासाठी. भात, आंघोळीचे पाणी आणि गुरांचे आंबोण लाकडावरच होते, हे तुला माहीत आहे. सिलिंडर दर महिन्याला भरणे कोणाला परवडते?) आठवी चूल माझीच होती. माझ्या न्हाणीमागचा तांब्याचा बंब, ज्यात मी चाळीस वर्षे गोवऱ्या, तुराट्या आणि पेटता पेटत नसेल तर दुधाच्या पिशव्या घालत आले, तो गल्लीतला सर्वांत मोठा धूर होता असे मंदाबाईने मला नम्रपणे सांगितले. तोही गेला. तेव्हापासून रोज सकाळी माझ्या दाराशी कढत पाण्याची बादली येते. मी मागितलेली नाही. नाकारण्यासाठी उठावे, तर बादली ठेवणारी निघून गेलेली असते.

आता वारा काही गटाचा सभासद नाही. तो गल्लीकडून खळ्याकडे वाहत असला तर धूर तलावावर जातो. उलट वाहू लागला तर आठ चुलींचा एकवटलेला धूर थेट माझ्या खिडकीत. म्हणून मंदाबाईने माझ्या जुन्या लुगड्याची एक पट्टी बांबूला बांधून तो बांबू माझ्या दाराशी रोवला. सकाळी उठून सगळ्या बायका आधी ती पट्टी पाहतात. पट्टी खळ्याकडे उडाली तर चुली पेटतात, माझ्या घराकडे उडाली तर वारा फिरेपर्यंत सात घरे उपाशी थांबतात. पट्टी हिरवी होती. ती पाहून दोन पक्षांचे कार्यकर्ते येऊन चौकशी करून गेले, आणि कोणीतरी बांबूच्या बुडाशी नारळ ठेवून गेले. त्याची चटणी झाली.

आता मंगळवार. पहाटेपासून आभाळ होते आणि वारा उलटा होता. आठ वाजून गेले तरी एकही चूल पेटलेली नव्हती. सात घरच्या बायका माझ्या दाराशी घोळक्याने उभ्या राहून, एक शब्द न बोलता, वर पाहत होत्या. त्याच वेळी आंबागडचे आपले मावसभाऊ वासुदेवराव मोटरसायकलने गल्लीच्या तोंडावरून चालले होते. त्यांनी काय पाहिले? एकाही घरातून धूर नाही. आपल्याकडे मयत झाली की प्रेत उठेपर्यंत शेजारची चूल पेटत नाही, हे त्यांना ठाऊक. कुंताला कॅन्सर आहे, हेही ठाऊक. दारात बायका, आणि त्यांची नजर आभाळाकडे. एवढ्या पुराव्यावर त्यांनी मला मारले. आत येऊन खात्री का केली नाही, असे मी त्यांना नंतर विचारले. त्यांना पुढे चांदपूरला मुलाच्या सोयरिकीसाठी जायचे होते. मयतीच्या घरी पाऊल ठेवले असते तर थंडीत पुन्हा आंघोळ करावी लागली असती. म्हणून त्यांनी कोपऱ्यावरूनच तुला फोन केला.

धूर दिसला की विस्तव आहे असे समजावे, हे अनुमान मी तुमसरच्या महाविद्यालयात तेहतीस वर्षे शिकवले. धूर दिसला नाही म्हणून विस्तव नाही असे मात्र म्हणता येत नाही, हेही दर वर्षी बजावले, आणि दर वर्षी निम्मा वर्ग परीक्षेत नेमके तेच लिहून येई. वासुदेवराव माझे विद्यार्थी नव्हते. तू होतास. तरीही कुटुंबाच्या व्हॉट्सॅप गटावर माझ्या सेवानिवृत्तीचा फोटो लावून श्रद्धांजली टाकलीस ती तूच. मी ती साडेनऊ वाजता वाचली. तोवर एक्केचाळीस जणांनी हात जोडले होते. एका भाच्याने अंगठा दाखवला होता. ‘वरील वृत्त निराधार आहे. — कुंता’ असे मी लिहिले. त्यानंतरही सहा जणांनी हात जोडले.

अकरा वाजता आंबागडहून दोन गाड्या आल्या. मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसले होते. वासुदेवरावांच्या पत्नी निर्मलाबाई यांनी गल्लीच्या तोंडापासूनच टाहो फोडला होता, आणि चेहरा पदरात असल्यामुळे त्या पार माझ्या पायरीपर्यंत येऊन ठेपल्या तरी थांबल्या नाहीत. मी गायीसारखी गरीब होते, कधी कोणाला उलट शब्द बोलले नाही, असे त्या सांगत होत्या. हे दोन्ही असत्य आहे, पण दुरुस्त करायला मला योग्य जागा सापडेना. शेवटी मी त्यांना बसायला सांगितले. त्यानंतर जे झाले त्याचे वर्णन करत नाही. त्यांना पाणी पाजून शुद्धीवर आणण्यात अर्धा तास गेला एवढे पुरे. मागच्या गाडीतून त्यांचा पुतण्या प्रविण दोन हिरवे, लांबलचक बांबू घेऊन उतरला. ऐन वेळी धावपळ नको, म्हणून त्याने ते रानातून निवडून आणले होते. मला पाहून तो ते पाठीमागे लपवू लागला. बारा फुटी बांबू पाठीमागे लपत नाहीत.

तेवीस माणसे, मयतीला म्हणून उपाशी निघालेली. दुपारी वारा फिरला. बायकांनी खळ्यावर भात, वरण आणि वांग्याची भाजी शिजवली, आणि डॉक्टरांनी मला गर्दीपासून जपायला सांगितले आहे म्हणून सगळी पंगत तिकडेच तलावाच्या पाळीवर बसवली. मी ओसरीवरून लांबून पाहिले. स्वतःच्या मयतीचे जेवण पाहण्याचा योग सहसा येत नाही. भाजीत मीठ जरा जास्त होते, असे नंतर कळले. संध्याकाळी गाड्या परत गेल्यावर मंदाबाई भांडी घेऊन आली, पायरीवर टेकली आणि म्हणाली, “तुमच्या मयतीले जेवढे येनार होते तेवढे येऊन गेले जी, कुंताबाई. आता मरून काई फायदा नाई.”

प्रविणचे बांबू इथेच राहिले. त्यांतला लांब बांबू काल जुन्याच्या जागी रोवला आहे. पट्टी आता दुरून दिसते.

आता मूळ मुद्दा. उद्याचा किमो घ्यायचा नाही असे ठरलेलेच असताना सात घरांना रोज दोनशे पावले सरपण आणि पातेली वाहायला लावणे अप्रामाणिकपणाचे होते. म्हणून काल बुधवारी सकाळी मी काठी टेकत खळ्यावर गेले. चुली नुकत्याच सारवलेल्या होत्या. मंदाबाई माझ्या बंबात काटक्या सारत होती. मी तिला सांगितले की उद्यापासून चुली घरी न्याव्यात. तिचे पुढचे बोलणे मी जसेच्या तसे देते, कारण वादात मूळ शब्द महत्त्वाचे.

“काहून जी? किमो सरले का?”

मी म्हणाले, नाही, चार बाकी आहेत.

“मंग?”

चंद्रकुमार, माझी कारणे क्रमाने लिहिलेला कागद माझ्या कमरेला खोचलेला होता. तो मी काढू शकले असते. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ती फुंकणीने विस्तव फुंकत होती, आणि धूर तिच्या तोंडावर येत होता. तीही कॅन्सरची रोगी होती, आणि दामिनीचे ते माहितीपत्रक तिलाही लागू होते. हे मी तिला सांगितले. ती म्हणाली की आपली पाळी होऊन गेली. मी बादली घेऊन परत आले. (अर्धी. पूर्ण बादली आता उचलत नाही.)

तरी तत्त्वतः माझे मत बदललेले नाही, आणि कागदावरील कारणे जशीच्या तशी उभी आहेत, हे तू ध्यानात घ्यावेस. थकवा फार आहे. सौ. रत्नमालेस आशीर्वाद.

तुझी,
कुंताताई

ता. क. (शनिवार) — पत्र टाकायचे राहिले, कारण काल तिसरा किमो घेतला. पहाटे जीपने वरठी, तिथून रेल्वेने नागपूर. मंदाबाई सोबत होती आणि परतीच्या वाटेवर तिच्या खांद्यावर मी झोपले, असे ती म्हणते. यावरून मी माघार घेतली असा निष्कर्ष काढू नये. तिच्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर तयार होईपर्यंत उपचार चालू ठेवावेत, एवढाच हा निर्णय आहे. उत्तर अद्याप तयार नाही.

दुसरा ता. क. — तू माझे काढलेले पुण्याचे तिकीट रद्द करावे. त्याऐवजी चौथ्या किमोला तू इकडे ये. त्या दिवशी मंदाबाईची स्वतःची तपासणी आहे, हे कारण मी देऊ शकते. पण दामिनी यायला तयार असल्यामुळे ते टिकत नाही. कारणाशिवाय विधान केल्याबद्दल क्षमा कर. ये. (गुडघ्याला पट्टा बांधून. इथे जिना नाही.)

तिसरा ता. क. — वरठीला उतरून इकडे आलास की गल्लीच्या तोंडाशी थांबून अनुमान करू नकोस. धूर दिसला नाही, तर मी आहे. धूर दिसला, तर चुली घरी आल्या, आणि त्याच्या दोन शक्यता: मी गेले, किंवा बरी झाले. धुरावरून यांतले कोणते, हे ठरवता येत नाही. दार वाजव.