मावशी साबणाचा कागद

मी, मावशी साबणाची मालकीण, वय एकाहत्तर, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. दडपण आणणारा दाराबाहेर येरझाऱ्या घालतो आहे. कडी आतून लावली आहे. उद्या सकाळी माझी शस्त्रक्रिया आहे आणि परवा नव्या वेष्टनातला माल दुकानांत जायचा आहे. म्हणून आजच.

एक. राहते घर मुलाचे. स्वयंपाकघरातला गळका नळ तो दोन वर्षे "उद्या करतो" म्हणतो आहे, तोही त्याचाच.

दोन. कढया, साचे, वड्या कापायची तार आणि माझी कृतीची वही सुनेला. सुरुवातीला मी तिला कढईजवळ उभीही करत नसे. आज वडी जिभेच्या टोकाला लावून क्षार राहिला की नाही, हे माझ्याआधी तीच सांगते. तोंडावर कधी शाबास म्हटले नाही; इथे म्हणते.

तीन. 'मावशी' हे नाव आणि वेष्टनावरचा माझा चेहरा. इथेच घोडे पेंड खाते.

पूर्वी गिऱ्हाईक विचारायचे, फेस किती येतो, वडी किती दिवस पुरते. आता विचारतात, आत काय आहे, कुठून आणले. प्रश्न रास्त आहे. आमच्या साबणात पहिल्यापासून जनावराची चरबी आहे. तिच्यानेच वडी कडक होते. सून निव्वळ तेलाची वडी करून पाहते आहे, पण ती अजून मऊ पडते, तिला आणखी चार महिने हवेत. मुलाला दम नाही. दुकानदारांनी आमचा माल मागच्या फळीवर ढकलल्यापासून तो घाबरला आहे. त्याने माझा चेहरा काढून हिरवे पान छापले, खाली 'चरबीमुक्त', आणि आत जुनाच साबण भरला.

"आई, आधी कागद बदलू, मग साबण. लोक कागद वाचतात, कढईत कोण डोकावतं?"

मी त्याला रागावले असते, पण कोणत्या तोंडाने? तीन वर्षांपूर्वी एका शिक्षिकेचे पत्र आले होते: माझी आजारी आई प्राण्याचे काहीही अंगाला लावून घेत नाही, तुमच्या साबणात चरबी आहे का? मी स्वहस्ते उत्तर लिहिले, "फक्त तेल. मावशीवर विश्वास ठेवा." त्या माउलीला शेवटपर्यंत माझ्याच साबणाने आंघोळ घातली गेली; ती गेल्यावर शिक्षिकेनेच आभाराचे पत्र लिहून कळवले. मुलगा हे माझ्याकडूनच शिकला. मला लाज वाटते.

म्हणून नाव सुनेला, एका अटीवर: आत जे आहे तेच बाहेर छापायचे. चरबी आहे तोवर 'चरबी' हा शब्द ठळक. गिऱ्हाईक तुटले तर तुटू दे. पानाची वेष्टने रद्दीत. गोदामाची किल्ली आजच तिच्या हाती दिली आहे. नवरा-बायकोत भांडण लावण्याचा हेतू नाही. ते आधीच लागले आहे.

चार. मुलाने हे कोर्टात नेले, तर घरही सुनेचे. नळासकट.

ठिकाण: कारखान्यावरची खोली. ९ मार्च, दुपारी चार.
सही: मावशी

साक्षीदार पहिले: आमचे डॉक्टर. मी शुद्धीवर असल्याचे त्यांनी तपासले. रक्तदाब चढलेला आहे म्हणाले.

साक्षीदार दुसऱ्या: वर लिहिलेल्या शिक्षिका. मीच बोलावून घेतले. त्यांनी सगळे वाचले, तिसरे कलम दोनदा, आणि सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहिले:

"सही माझ्यासमोर झाली. आईच्या अंगाला काय लावत होते, ते मला आजच कळलं. उद्या जगून या, मावशी. मला तुमच्याशी भांडायचं आहे."