गाळलेली ओळ

बाबा,

काचेची नळी तोडायच्या आधी तुम्ही तिच्यावर कानशीने एक रेघ ओढायचात. बारीकशी करकर व्हायची, अंगावर शहारा यायचा, मग दोन्ही अंगठ्यांचा दाब, आणि टक्. एवढाच आवाज. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी दुपारी डोळा लागला की तो टक् होतो आणि मी उठून बसतो. घरभर फिरून पाहतो, कुठे काय फुटलं. काही फुटलेलं नसतं.

कॉलेज सुटल्यावर दिल्लीच्या करोल बागेतून चालत मी तुमच्या प्रयोगशाळेत यायचो. काचकाम विभागात दोन टेबलं पाठीला पाठ लावून मांडलेली. एकावर तुम्ही, दुसऱ्यावर तुमच्या उस्तादांचा मुलगा, ज्यांना तुम्ही भाईजान म्हणायचात म्हणून मीही म्हणायचो. उस्ताद तोवर गेले होते; भिंतीवर त्यांचा फोटो होता. गावाकडे कंदिलाच्या काचा फुंकणाऱ्या तुमच्यासारख्या माणसाला त्या फिरोजाबादच्या म्हाताऱ्याने शास्त्रज्ञांची उपकरणं घडवायला शिकवलं, हे तुम्ही भेटेल त्याला सांगायचात. आईच्या डब्यातली भरली वांगी भाईजान आधी घ्यायचे. मला म्हणायचे, "तुम्हारे बाबा तो बस फूँक मारते हैं, मेहनत सारी मेरी है." तुमच्या तोंडात नळी असायची, तेव्हा तुम्ही नुसत्या भुवयांनी शिवी द्यायचात.

तो सांधा आठवतो ना? काच आणि धातू जोडले की थंड होताना दोघांची आकसण्याची चाल वेगळी, म्हणून जोडावर तडा जातो. बाहेरून खास काच यायची, ती यायची बंद झाली तेव्हा उस्तादांनी बाजारातल्या दोन काचा मिसळून मध्ये एक पातळ थर बसवला आणि तडा थांबला. तुम्ही वर्षानुवर्षं तोच सांधा घालत राहिलात. तुमच्या हातचं एकही उपकरण परत आलं नाही. म्हणून संचालकांच्या मनात आलं की विज्ञान आणि कला यांतल्या कामगिरीसाठी सरकार दरवर्षी जो राष्ट्रीय सन्मान देतं, त्यासाठी या माणसाचं नाव पाठवावं. शास्त्रज्ञांची नावं नेहमीच जात, कारागिराचं पहिल्यांदाच जाणार होतं. फॉर्मवर क्षेत्र लिहायचं होतं. भाईजान म्हणाले, "कला लिखवाइए, और दाढ़ी बढ़ा लीजिए." तुम्ही विचारलंत, "हातकामाचा रकाना नाही का?" नव्हता. मग विज्ञान लिहिलं.

कामगिरीचं पान मी लिहिलं. मंत्रालयात नुकता चिकटलो होतो. शिवाय पहाडगंजच्या मराठी शाळेत पुस्तकातल्या सगळ्या कविता मला पाठ, बाई मला उभं करून म्हणायला लावायच्या, म्हणून घरातलं लिहिण्याचं काम माझ्याकडेच. आधी मराठीत लिहायचं आणि मग इंग्रजी करायचं, ही माझी रीत. पहिल्या मसुद्यात मी खरं तेच लिहिलं होतं: हा सांधा त्यांच्या उस्तादांनी शोधला आणि यांनी तो टिकवून दाखवला. मोठ्याने वाचून पाहिलं, तर ओळ लंगडत होती. पान ऐन भरात आलं की मध्येच दुसऱ्या माणसाकडे वळत होतं. मी उस्तादांना गाळलं. हा सांधा त्यांनी शोधला, एवढंच ठेवलं, आणि काय सुरेख ठेका आला म्हणून सांगू. शाळेत अतिशयोक्ती हा एक अलंकार म्हणून शिकलो होतो, त्यापलीकडे मला काही वाटलं नाही. तुम्ही चष्मा शोधत होतात. इंग्रजी वाचायला तुम्हाला वेळ लागायचा. "तू वाचलंस ना नीट?" "हो." "मग झालं," म्हणालात आणि सही केलीत.

महिन्याभराने चौकशीला एक अधिकारी क्वार्टरवर आले. त्याआधी ते विभागात जाऊन आले होते आणि भाईजानांना ते पान वाचून दाखवलं होतं, हे आपल्याला नंतर कळलं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात येतोय, आणि अधिकारी विचारतायत, "यहाँ लिखा है, यह जोड़ आपने खोजा. सेक्शन में तो कहते हैं, आपके उस्ताद का है." तुम्ही एकदाच माझ्याकडे पाहिलंत. रागाने पाहिलं असतंत तर मी ते विसरलोही असतो. मग त्यांच्याकडे वळलात. "उस्ताद का ही है जी. गलती मेरी है, मैंने ठीक से बताया नहीं." मी लिहिलं, म्हणायचे एवढे दोनच शब्द होते. मी ट्रे ठेवला आणि त्यांना विचारलं, चीनी कितनी.

ते गेल्यावर कपबश्या उचलताना तुम्ही म्हणालात, "पानावर उस्तादांपुरती जागा नव्हती का रे?" जागा होती. मी ट्रे उचलून आत गेलो, आणि तुम्ही पुन्हा कधी तो विषय काढला नाहीत.

सन्मान मिळाला नाही, त्याचं तुम्हाला काही नव्हतं. पण भाईजान. त्यांना वाटलं, ज्याला बापाने शिकवलं त्यानेच बापाचं नाव पुसलं. टेबलं तशीच पाठीला पाठ राहिली आणि तुम्ही डबा एकटे खाऊ लागलात. आई विचारायची, "वांगी परत का येतात हल्ली?" तुम्ही म्हणायचात, "भूक नव्हती." माझं नाव सांगितलं असतंत तर एका दिवसात मिटलं असतं. तुम्ही सांगितलं नाहीत, की सांगितलंत आणि त्यांना पटलं नाही, हे मला आजही माहीत नाही. निगमबोधच्या स्मशानघाटावर तुम्हाला नेलं त्या सकाळी ते आले होते. लोक पांगल्यावर माझ्याजवळ उभे राहिले, खांद्यावर हात ठेवला, आणि तो काढेनात. समोरचा काही बोलेल म्हणून माणूस थांबतो तसे थांबले. मी म्हणालो, "आपने पानी लिया?" त्यांनी हात काढून घेतला.

पुढे नोकरीभर मी मसुदेच लिहिले. सहकाऱ्यांचे निरोप, साहेबांचे गौरव, सगळे माझ्याकडे यायचे, कारण मी छान लिहितो. पान अर्ध्यावर आलं की खुर्चीमागे कुणीतरी उभं असायचं. तापलेल्या काचेला वास नसतो म्हणतात, मला तो यायचा. निवृत्त झालो, दिल्लीतच द्वारकेला अकराव्या मजल्यावर राहायला आलो. तुम्हीही आलात.

तीन दिवसांपूर्वी उस्तादांच्या नातवाचा, भाईजानांच्या मुलाचा, फोन आला. तो त्याच विभागात आहे, शेवटचा काचवाला. त्याच्यानंतर ती जागा भरणार नाहीत म्हणे. यंदा त्याच सन्मानासाठी त्याचं नाव जातंय. "अंकल, दादाजी पर एक पन्ना चाहिए. उनके शागिर्दों के घरों में अब आप ही बचे हैं. सुना है, आप बहुत अच्छा लिखते हैं." कुणाकडून ऐकलं, ते मी विचारलं नाही. अब्बू कसे आहेत, तेही नाही. नव्वदीला आले असते, तेव्हा नसतीलच असं धरून चाललो, आणि तसं धरल्यावर मला बरं वाटलं, बाबा. आता फॉर्म ऑनलाइन भरतात, सहीचा कागद तेवढा तो येऊन नेणार आहे. नात लॅपटॉप घेऊन बसली. मी म्हटलं, "थांब, आधी मसुदा होऊ दे." "मसुदा यानी?" "ड्राफ्ट." "तो ड्राफ्ट बोलो ना आजोबा, मला वाटलं काहीतरी खायचं." ती हसून कॉलेजला गेली. हा सांधा उस्तादांनी शोधला, ही ओळ लिहून झाली आहे. हीच ओळ पूर्वी एकदा कुणी गाळली होती, ते त्यापुढे यायला हवं. ते येत नाही. म्हणून हे तुम्हाला लिहायला घेतलं, जे कुठेच पाठवायचं नाही.

आत्ता गेटवरून इंटरकॉम वाजला. गार्ड म्हणतो, "अंकल जी, एक बुज़ुर्ग आए हैं, अकेले हैं. कह रहे हैं, बस इतना बोल दो कि उस्ताद का बेटा आया है." भेज दो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? लिफ्ट वर येईपर्यंत हे लिहितोय. कागद नेण्यासाठी आले असतील म्हणावं, तर त्यासाठी मुलगा येणार होता. लिफ्टचं दार उघडलं. काठी टेकत येतायत, मध्ये थांबले, परत निघाले. घंटी वाजली. घरात मी एकटाच आहे. पंचाहत्तरी झाली माझी, बाबा, आणि अजून वाटतंय की उठून दार तुम्हीच उघडावं, आणि जे काही बोलायचं ते तुम्हीच बोलावं.