चार कोपऱ्यांचं रक्त

पवनार, गुरुवार

तीर्थरूप प्रमिलाताईस,

धाकट्या नानाजीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं मनानेच ठेवलं आहे, कंबर आता वाकत नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला का? इकडे वांगी बरी आहेत, पालक मात्र किडीने आमच्याआधी खाल्ला.

तर हकिगत अशी. निंदताना पायाला खुरपं लागलं, ती जखम महिना झाला तरी भरेना. डॉक्टर म्हणाले, साखर असेल, रक्त तपासून आण. म्हणून परवा उपाशीपोटी वर्ध्याच्या लॅबमध्ये गेलो. (उपाशी म्हणजे चहासुद्धा नाही. मी साबुदाण्याचं विचारून पाहिलं, तर तुझ्या भावजयीने, कुसुमने, डोळे वटारले.) तिथल्या गुंजन नावाच्या मुलीने दंडाला पट्टा बांधला आणि रंगीत टोपणांच्या नळ्या मांडल्या. राखाडी टोपणाच्या नळीत म्हणे औषध असतं, नाहीतर रक्त आपल्यातली साखर वाटेतच खाऊन टाकतं. (आपल्या घरचं रक्त ते, खाणारच.) पिवळ्या टोपणाच्या नळीतलं गोठू देतात आणि वर सुटलेलं पाणी तपासतात. त्यात काय काय दिसतं, विचारलं, तर म्हणाली कॅल्शियम, फॉस्फरस, पोटॅशियम. मी उडालोच. ताई, हा तर आपल्या वावराच्या माती परीक्षणाचा कागद!

तुला आठवतं ना? बाबा खुरपं घेऊन पुढे, तू डोक्यावर टोपलं घेऊन त्यांच्या मागे, आणि मी शेवटी ढेकळं फोडत. बांधाजवळची माती घ्यायची नाही, उकिरड्याजवळची नाही, झाडाखालची नाही. नागमोडी चालत जागोजागी उकरायचं, सगळी माती गोणपाटावर कालवायची, चार वाटे करायचे, समोरासमोरचे दोन फेकायचे, उरलेली पुन्हा कालवायची. एकदा तुझ्या ओच्यातले चिंचोके त्यात सांडले, तर बाबांनी सगळा नमुना पुन्हा घ्यायला लावला. त्या मातीचा वास अजून माझ्या नाकात आहे. तसे दिवस आता कुठले, ताई! तेव्हा वैताग यायचा, आता जीव तुटतो.

तर मी गुंजनला म्हणालो, "पोरी, एकाच हाताचं काऊन घेऊन राह्यली? दोन हात, दोन पाय, चारी कोपऱ्यांचं घे अन् कालव. नाईतर नमुना खरा नाई." आणि पाय टेबलावर ठेवला. रांगेतले लोक खो खो हसले, ती हसली नाही. (गुणी पोर.) म्हणाली, "काकाजी, वावर एका जागी राह्यते, रक्त फिरत राह्यते. कुठूनही घ्या, कालवलेलंच भेटते." मग तिने सहज विचारलं, वडिलांना साखर होती का. वावरात पोटॅश किती, हे बाबा तोंडपाठ सांगायचे. बाबांच्या रक्तात काय होतं, ते कोणी कधी पाहिलंच नाही.

असो. लॅब स्वच्छ होती, पंखाही चांगला होता. काळजी नसावी. भाऊजींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा नानाजी

ता. क. कुसुम सारखी विचारते, रिपोर्ट आला का. ताई, मी रक्त दिलंच नाही. वाद घालता घालता पट्टा सोडला, बाही खाली केली आणि लघवीला जाऊन येतो म्हणून सरळ बसस्टँड गाठलं. फोनवर सांगितलं असतं, पण आमच्याकडे फोन स्पीकरवरच असतो.

आणखी एक. सोमवारी सकाळी वर्ध्याच्या स्टँडवर ये. सुईचं मला काही वाटत नाही. बाबांच्या पायाची जखमही अशीच भरत नव्हती. तू तिची पट्टी बदलायचीस आणि मी दाराआड उभा राहायचो. मला त्या जखमेची भीती वाटते. तू शेजारी बसलीस तर मी हात पुढे करीन.

आणि येताना तूही चहा न पिता ये. बाबा तुझेही होते.