फुलपात्रभर पाणी

लोणावळा, मंगळवार संध्याकाळ

हिराबाई मावशींचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाहीये.

चिक्कीत कुणी मुद्दाम काही मिसळू नये म्हणून दोन दिवस कारखान्यातल्या बायकांना शिकवलं. अनोळखी माणूस दिसला की अडवा, कार्ड विचारा. आज त्यांची परीक्षा घेतली. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना मिठाची पुडी देऊन, कार्डाशिवाय कढईच्या खोलीत पाठवलं. तिथे मळवलीच्या हिराबाई मावशी होत्या. त्यांनी पाहुण्याला स्टूल दिलं आणि दाराजवळच्या माठातून फुलपात्रभर पाणी आणायला गेल्या. तेवढ्यात पुडी गुळाच्या पिंपात पडली.

मी ती सगळ्यांसमोर वर धरली. "मावशी, हे विष असतं तर?" सगळ्यांसमोर कशाला? काय मिळालं मला?

मावशी खाली बघत म्हणाल्या, "उन्हातनं आलेलं मानूस, ताई. पानी बी इचारायचं न्हाई व्हय?"

नियम बरोबरच आहे, आताही तेच म्हणेन. पण मी इथे मुलाखतीला आले, तेव्हा त्याच फुलपात्रातून मला पाणी कुणी दिलं होतं?

सुट्टी व्हायच्या आधी त्यांची समजूत काढायला गेले. मावशी कढईच्या खोलीचं दार अडवून उभ्या राहिल्या.

"कार्ड दावा."

कार्ड टेबलावर राहिलं होतं.

"मग आत न्हाई सोडता यायचं, ताई."

आवाजात राग नव्हता. मी शिकवलं तसंच केलं त्यांनी. माठावर फुलपात्र पालथं होतं. घसा कोरडा पडला होता, पण पाणी मागायचा धीर झाला नाही.